हाकेच्या अंतरातलं औषध

"औषध कशाला म्हणायचं? जे आपल्या दारापासून हाकेच्या अंतरात उगवतं, त्याला! बाकी सगळा नुसता कागदी खोका आणि रंगीत बाटली!"

भिंगकाकांनी हे जाहीर केलं ते आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून, आणि अशा आवाजात की समोरच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायकांनी कळशा खाली ठेवल्या. काकांचं दुकान खाली, घर वर. गळ्यात दोरीला बांधलेलं एक जाड भिंग कायम लोंबकळत असायचं, म्हणून ते भिंगकाका. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचता येत नाही म्हणूनच तर लोक चष्मा करायला यायचे!

गेले काही महिने काकांना झाडपाल्यानं झपाटलं होतं. झालं एवढंच, की एक दिवस भिंग पुसता पुसता त्यांनी ते सहज कुंडीतल्या पुदिन्याच्या पानावर धरलं. आणि काका जागच्या जागी थिजले! पानावर बारीक बारीक थेंब चमकत होते, अगदी सोनेरी, जणू कुणी एवढ्याशा गावात घरोघरी दिवे लावलेत. प्रत्येक थेंबात तेल, प्रत्येक थेंबात वास.

"अगं, इकडे ये! लवकर ये!" काका ओरडले.

काकू पोळपाट टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं, काका पडले.

"बघ. बघ तरी! आपण हे चटणीत वाटून खातो गं!"

काकूंनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. पण पोळी करपली."

तिथून सगळं सुरू झालं. काकांनी नियम केले. दूरवरून गाडीत भरून आलेलं काही वापरायचं नाही. कुणी फवारे मारून वाढवलेलं चालायचं नाही. कुठलंही झाड ओरबाडायचं नाही. चार फांद्या असतील तर एक घ्यायची, फुलं मधमाश्यांना सोडायची आणि घेताना पुढच्या वर्षीचा विचार करायचा. बाटल्या जुन्याच, धुऊन वापरायच्या. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे हाकेचं अंतर!

"पण हाकेचं अंतर म्हणजे नक्की किती?" शेजारच्या शिंपीदादांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

शिंपीदादा म्हणजे मोजमापाचा माणूस. त्यांच्या गळ्यात टेप, काकांच्या गळ्यात भिंग. प्रश्न रास्त होता. काका थेट वर गेले.

"अगं, तू गॅलरीत उभी राहा आणि मला हाक मारत राहा. मी चालत जातो. जिथे तुझी हाक ऐकू येईनाशी होईल, तिथे आपली हद्द संपली!"

"आत्ता?" काकू म्हणाल्या. "माझी संध्याकाळी तालीम आहे."

"पाच मिनिटांचं काम आहे!"

आता काकूंच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. काकू गावच्या गानवृंदात गायच्या. मागच्या रांगेत, खांबाच्या बाजूला, वर्षानुवर्षं. तीस बायका-पुरुष एकदम गायला लागले की त्यात काकूंचा आवाज कुठला, हे काकांना काही केल्या समजत नसे. ते आपले सगळ्यांनाच टाळ्या वाजवत. पण यंदा पुढे उभी राहून एकटी गाणारी गायिका दुसऱ्या गावी राहायला गेली, आणि वृंदाचे संचालक छडीसर (हातात कायम छडी आणि चेहऱ्यावर कायम शिक्षा, म्हणून छडीसर) यांनी सगळ्यांचे आवाज एकेक करून ऐकले आणि काकूंकडे छडी दाखवून म्हणाले, "मधल्या ओळी तुम्ही एकट्यानं म्हणायच्या." नव्यानं दुरुस्त झालेल्या सभागृहाचा पहिलाच कार्यक्रम! त्या दिवसापासून काकू भांडी घासताना गुणगुणायच्या, आणि कुणी आलं की गप्प व्हायच्या.

तर अशा या काकू गॅलरीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली, "अहोऽऽ!"

काका पूर्वेला चालू लागले. इस्त्रीवाल्याचं दुकान गेलं, सायकलींचा अड्डा गेला. "अहोऽऽ!" हाक येतच होती, स्वच्छ, खणखणीत. काका मनातल्या मनात थक्क झाले. मग ते परतले आणि पश्चिमेला निघाले. "अहोऽऽ!" मग उत्तरेला. बंद पडलेल्या तेलगिरणीच्या भिंतीपर्यंत हाक पोचत होती!

आणि इकडे गल्लीत काय दिसत होतं? एक बाई गॅलरीतून जिवाच्या आकांतानं नवऱ्याला हाका मारतेय आणि नवरा मागे वळूनही न बघता ताठ मानेनं निघून चाललाय!

दक्षिणेच्या फेरीत शिंपीदादांना ते बघवेना. ते कात्री हातात घेऊनच धावले आणि काकांच्या पुढ्यात आडवे झाले.

"काका, परत फिरा! झालं गेलं विसरून जा!"

"बाजूला हो! मला ऐकू येतंय तोवर थांबता येणार नाही!"

"ऐकू येतंय आणि तरी चाललात? अहो, दगडालासुद्धा पाझर फुटेल!"

नळावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदरानं डोळे टिपले. दुसरीनं वर जाऊन काकूंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे त्यांना. तू काही कमी नाहीस!" आणि काकू बिचाऱ्या या गोंधळात आवाज पोचावा म्हणून आणखी जोरात, आणखी ताणून, "अहोऽऽऽ!"

चारही दिशांची हद्द ठरली. काका विजयी मुद्रेनं परतले. काकू पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "झालं तुमचं?" त्यातला 'तुमचं' जरा खरखरीत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही! नुसता वारा. जुन्या पंपातून पाणी यायच्या आधी जसा येतो तसा, फुस्स.

काकांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि काकूंच्या बहिणीला फोन लावला.

काकूंची धाकटी बहीण कान-नाक-घशाची डॉक्टर. घरात सगळे तिला धाकटीच म्हणायचे, दवाखान्यात पांढरे केस झालेले लोक तिला मॅडम म्हणायचे ते सोडा. तिनं येऊन ताईच्या घशात दिवा मारला, मान हलवली आणि विचारलं, "ताई, एवढी ओरडलीस कुणावर?"

काकूंनी बोट उचललं. बोट काकांकडे गेलं.

"भाऊजी?"

"भांडण नव्हे गं! शास्त्रीय मोजणी होती!"

धाकटीनं भाऊजींकडे असं पाहिलं की काकांना आपण स्वतःच एक सुजलेला घसा आहोत असं वाटलं. "कार्यक्रमापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, वाफ आणि गप्प बसणं. बाकी काही नको. आवाज येईल, पण घाई केलीत तर नाही येणार."

ती गेली. काकू पलंगावर बसून राहिल्या. त्यांनी रागावून पाहिलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं. पण त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि त्यांचे ओठ गाण्याच्या ओळींवरून आवाज न करता फिरत होते. ते काकांनी पाहिलं. इतक्या वर्षांनी खांबाच्या बाजूची बाई पुढे यायची होती, आणि आपण तिला गॅलरीत उभं करून गल्ली मोजायला लावली!

"मी तुझा आवाज परत आणतो," काका म्हणाले. "आणि हाकेच्या अंतरातूनच आणतो!"

काकूंनी हातानं कांडी चघळल्याची खूण केली. त्यांना ज्येष्ठमध हवा होता.

"ज्येष्ठमध? तो कुठून कुठून गाडीत बसून येतो माहितेय? आपल्या नियमात बसत नाही!"

काकूंनी कपाळाला हात लावला. ही खूण मात्र काकांना बरोबर कळली.

मग काका भिंग घेऊन हद्दीतून हिंडले. अडुळसा होता, पण एकच झुडूप, तेही नुकतं छाटलेलं, ते सोडलं. ओव्याची पानं होती, ती वाफेसाठी घेतली. आणि मग तेलगिरणीच्या भिंतीखाली, गटाराच्या काठाला, ते वीत-दीड वीत उंचीचं झाड सापडलं. कुणी लावलं नव्हतं, कुणी पाणी घातलं नव्हतं. दातेरी हिरवी पानं, आणि देठाला धरून इवलेसे हिरवे पेले, एकावर एक. काका गुडघ्यावर बसले, भिंग लावलं, आणि त्यांच्या तोंडून आपोआप "अहाहा!" निघालं. गटाराच्या काठावर कुणीतरी एवढ्या निगुतीनं पेल्यांची उतरंड रचून ठेवली होती, आणि आपण रोज नाक धरून इथून गेलो!

झाडाचं नाव काकांना माहीत होतं. खोकली!

"नावातच खोकला आहे!" काका उठून ओरडले. "घशाचंच औषध! आणि इतकं उगवलंय की मूठभर घेतलं तर झाडांना कळणारसुद्धा नाही!"

पानांपेक्षा मुळीत जास्त जोर असणार, हा विचार काकांचा स्वतःचा. त्यांनी अगदी नियमानं, दाट गर्दीतली तेवढी रोपं उपटली, बाकीच्यांना ऐसपैस जागा करून दिली आणि मुळ्या धुऊन पातेल्यात घालणार, तोच धाकटीचा फोन आला.

"भाऊजी, काही उकळत नाही आहात ना?"

"नाही. म्हणजे अजून नाही."

"काय आहे हातात?"

काकांना खोटं बोलता येत नसे. "खोकलीची मुळी."

"ठेवा खाली! गटाराकाठची मुळी ताईच्या पोटात जायची नाही. काही माणसांच्या रक्ताला ती भलतीच बाधते. उगवलंय जवळ म्हणून ते सोसेलच असं थोडंच आहे!"

"पण पोटातच नको ना?" काकांनी विचारलं. "वास चालेल?"

पलीकडे धाकटीनं मोठा श्वास सोडला. "वासाला माझी हरकत नाही. गुळण्या चुकवू नका."

झालं! काकांना परवानगी मिळाली. त्यांनी मुळ्या दुकानाच्या खिडकीत वाळत घातल्या.

पहिलं मांजर आलं ते सकाळी. करडं, एका कानाला चीर पडलेलं. ते खिडकीखाली बसलं आणि वर बघत राहिलं. ना म्याव, ना काही. नुसतं बघत होतं, एखादा भाविक माणूस समईकडे बघतो तसं. मग दुसरं आलं. दुपारपर्यंत दुकानाच्या पायरीवर, बाकावर, आरशासमोर, चष्म्यांच्या कपाटावर मांजरंच मांजरं! पांढरी, काळी, ठिपक्यांची, जाडी, मरतुकडी. एका बोक्याची तर गालफडं एवढी मोठी की त्याला चष्मा बसला असता.

काका भारावून गेले. गटाराकाठच्या एका मुळीत केवढी ही ताकद! माणसाला पत्ता नाही आणि मुक्या जनावरांना बरोबर कळलं! त्यांनी दाराआडून शिंपीदादांना खुणावलं आणि हळूच म्हणाले, "बघितलंस? निसर्गानं साक्ष दिली!"

शिंपीदादांनी नाक वर करून हुंगलं. "काका, खरं सांगा. दुकानात उंदीर मेलाय का?"

"अरे, औषध आहे ते!"

"मासे वाळत घातलेत? माझ्या शिवलेल्या कोटांना वास लागला तर गिऱ्हाईक मला सोलून काढेल!"

तेवढ्यात एक पोस्टमन डोळे तपासायला आला. काकांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि समोरचा अक्षरांचा तक्ता दाखवला.

"सगळ्यांत खालच्या ओळीत काय दिसतंय?"

"मांजर," पोस्टमन म्हणाला.

"नीट बघा. भिंग बदलतो. आता?"

"आता दोन मांजरं."

काकांनी वळून पाहिलं. तक्त्याच्या खालच्या ओळीवर खरोखरच दोन शेपट्या हलत होत्या. मधल्या ओळीपर्यंत एक पिल्लू चढत होतं. खिडकीतल्या मुळीवर त्या गालफड्या बोक्यानं झेप घेतली, दोन्ही पंजांनी ती छातीशी धरली, पाठीवर लोळण घेतली आणि डोळे मिटून असा काही गडबडा लोळला की पोस्टमन म्हणाला, "मला पण तेच औषध द्या!"

आता मुळ्या इथं ठेवणं शक्य नव्हतं. काकांनी त्या सगळ्या उचलल्या आणि घरात नेल्या. कपाटात वृंदाच्या शाली ठेवल्या होत्या. तीस निळ्या शाली, काकूंनी स्वतः धुतलेल्या, शिंपीदादांनी इस्त्री करून दिलेल्या. काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! एकट्या काकूंनाच का? सगळ्या वृंदालाच वासाचा लाभ झाला तर? त्यांनी मुळ्या कुटल्या, पातळ फडक्याच्या पुरचुंड्या बांधल्या आणि शालींच्या प्रत्येक घडीत एकेक सारली. कपाट लावून घेतलं. अगदी समाधानानं!

पुढचे दिवस घरात काकूंचा आवाज नव्हता, आणि काकांच्या लक्षात यायला लागलं की घर केवढं आहे. काकूंचं बोलणं नसल्यामुळे घड्याळ ऐकू येत होतं, नळ ऐकू येत होता. काकूंच्या हालचालींना एक ताल होता, तो काकांनी आजवर कधी पाहिला नव्हता. कपडे वाळत घालताना त्या टाचेनं ठेका धरायच्या. गाणं आत चालू होतं, फक्त दार बंद होतं. काका गुपचूप वाफेचं पाणी ठेवायचे, गुळण्यांचं मीठ मोजायचे आणि स्वतःही कमी बोलायचे. काकांच्या बाबतीत हे म्हणजे आश्चर्यच!

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काकूंनी काकांना हातानं धरून कपाटापाशी नेलं. कपाटाकडे बोट केलं. मग नाकापासून दोन्ही गालांवर बोटं ओढली. मिशा!

"मिशा?" काका म्हणाले. "शिंपीदादा! शिंपीदादांना बोलवू?"

काकूंनी जोरजोरात मान हलवली. पुन्हा गालांवर मिशा, मग हातांचे पंजे करून कपाटाच्या दारावर ओरखडल्याची खूण.

"कळलं! मिशीवाले शिंपीदादा, आणि कपाटाचं दार घासतंय! तू काळजी करू नकोस, तू गप्प राहा!"

काका शिंपीदादांना घेऊन आले. शिंपीदादांनी बिचाऱ्यांनी मिशा पिळत कपाटाचं माप घेतलं, आडवं, उभं, आणि गंभीरपणे म्हणाले, "दार ठीक आहे. पण खाली हे ओरखडे कसले?" काकूंनी दोघांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

कार्यक्रमाची संध्याकाळ. सभागृह खचाखच भरलेलं. नवा रंग, नव्या खुर्च्या, आणि उकाडा इतका की बाजूचे सगळे दरवाजे सताड उघडे ठेवलेले. काका तिसऱ्या रांगेत, पायाशी कापडी पिशवी. तिच्यात चष्मे पुसायच्या मऊ फडक्यांची चळत आणि लागलीच तर असावी म्हणून उरलेल्या मुळ्या. एका बाजूला शिंपीदादा, दुसऱ्या बाजूला धाकटी.

"सकाळी आवाज तपासला का गं?" काकांनी विचारलं.

"नाही. एकदाच वापरायचा, थेट तिथे," धाकटी म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता.

पडदा उघडला. तीस निळ्या शाली. छडीसरांनी छडी उचलली. वृंद गाऊ लागला. आणि दुसऱ्या ओळीला डावीकडच्या दारातून ते करडं, चिरलेल्या कानाचं मांजर आत आलं. सावकाश. कुणी आमंत्रण दिल्यासारखं. मधल्या वाटेनं चालत गेलं, पायऱ्या चढलं आणि पहिल्या रांगेतल्या बाईंच्या शालीला गाल घासायला लागलं.

प्रेक्षक हसले. मग उजव्या दारातून तीन आली. मग खिडकीतून. मग कुठून ते सांगता येणार नाही, कारण सगळीकडूनच यायला लागली! खुर्च्यांखालून, लोकांच्या मांड्यांवरून, पडद्याला लटकत! गालफड्या बोक्यानं एका भारदस्त गृहस्थांच्या शालीत नखं रोवली आणि वर चढला; गृहस्थ गाता गाता इतके वरच्या सुरात गेले की छडीसरांनी आश्चर्यानं त्यांच्याकडे पाहिलं. ते गृहस्थ इतकी वर्षं खालच्या पट्टीत गात होते! एका बाईंनी शाल झटकली. तिच्यातून पुरचुंडी पडली. पुरचुंडीवर पाच मांजरं पडली. त्यांच्यावर पेटीवाला पडला.

"भाऊजी," धाकटी दातओठ खात म्हणाली, "वास म्हणजे तुम्ही नक्की कुणाला दिलात?"

"सगळ्यांना," काका म्हणाले. त्यांचाही आवाज गेला होता.

"म्हणजे काकू कपाटापाशी मिशा करत होत्या," शिंपीदादा सावकाश म्हणाले, "त्या माझ्या नव्हत्या!"

वृंद विस्कटला. सूर एकेक करून विझले. प्रेक्षकांत हास्याचा कल्लोळ. छडीसर छडी उगारून उभे, आणि छडीच्या टोकाकडे एक पिल्लू टक लावून बघतंय. काकांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. आपण तिचा घसा मोडला आणि आता तिची संध्याकाळही मोडली. ते उठून पळणारच होते.

आणि तेव्हा मागच्या रांगेतून, खांबाच्या बाजूनं, काकू पुढे आल्या. वाटेतल्या मांजरावर पाय न देता, अगदी जपून. त्या मंचाच्या मधोमध उभ्या राहिल्या. छडीसरांकडे त्यांनी पाहिलंच नाही. डोळे मिटले.

आणि गायल्या.

पहिला सूर जरा धुरकट आला. मग तो धूर निवळला. आवाज मोठा नव्हता, चढवलेला नव्हता. इतके दिवस बंद दाराआड चाललेलं गाणं दार उघडून सरळ बाहेर आलं होतं. सभागृह हसता हसता थांबलं. कुणीतरी खोकणार होतं, त्यानं खोकला गिळला. आणि मांजरं! मुळीचा कैफ ओसरायची वेळ असेल, किंवा काय असेल ते असो, पण ती एकेक करून लवंडली. शालींच्या पदरांवर, पेटीवर, छडीसरांच्या बुटांवर. सगळी मांजरं काकूंच्या भोवती डोळे अर्धे मिटून पडून राहिली, आणि मधे ती निळ्या शालीतली बाई एकटी गात होती.

काकांच्या गळ्यातलं भिंग धुकटलं. ते पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही. इतकी वर्षं हा आवाज आपल्या घरात भांडी घासत होता! आणि आपण भिंग घेऊन गटाराच्या काठाला रांगत होतो!

गाणं संपलं. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. लोक आधी उभे राहिले, मग त्यांना आठवलं की टाळ्या वाजवायच्या असतात, आणि मग नवं छप्पर पुन्हा दुरुस्तीला येतंय की काय असं वाटलं!

काका पिशवी उचलून मंचावर धावले. छडीसर डोळे पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "घसा बसला होता म्हणे यांचा? काय दिलंत तरी काय?"

धाकटी मागून आलीच होती. ती म्हणाली, "मीठ, वाफ आणि गप्प बसणं."

पण काका थांबतात होय! छाती पुढे काढून, पिशवी हवेत उंच धरून त्यांनी सुरुवात केली, "मंडळी! आपल्या दारापासून अवघ्या—"

"अहो!" काकू ओरडल्या.

कितीतरी दिवसांनी बोललेला पहिला शब्द! "बोललीस! अगं, बोललीस तू!"

"पिशवी खाली ठेवा! हळू! हलवू नका!"

"का?"

"गायला लागायच्या आधीच पोटुशी मांजरी आत शिरताना दिसली मला मंचावरून. तुमच्या पिशवीत मांजर व्यालंय!"

काकांनी श्वास रोखून पिशवी खाली ठेवली. सगळा वृंद भोवती जमला. तीस माणसं गुडघ्यांवर बसली. फडक्यांच्या मऊ चळतीवर एक ठिपक्यांची मांजरी आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी बोटाएवढे चार जीव, ओले, मिटल्या डोळ्यांचे, आंधळेपणानं दूध शोधत होते. छडीसरांनी छडी पाठीमागे लपवली. शिंपीदादांनी गळ्यातली टेप काढली, पिल्लाच्या जवळ नेली आणि न मोजताच परत ठेवली.

"आता हिला इथून हलवायचं नाही," धाकटी हळूच म्हणाली. "थोडी स्थिरावू दे. आणि एवढी गर्दी नको, तिला अनोळखी माणसं चालायची नाहीत. चला सगळे."

सगळे पावलं न वाजवता बाहेर पडले. काकाही उठले.

"तुम्ही कुठे निघालात?" काकू म्हणाल्या. "तुम्ही बसा तिच्याजवळ."

काकांना भरून आलं. "म्हणजे मी तिला अनोळखी वाटत नाही?"

काकूंनी शाल सावरली, त्यांच्या सदऱ्याचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

"छे! अनोळखी वाटायला तुम्ही आधी माणूस वाटायला हवं. तिच्या लेखी तुम्ही मुळी आहात."